वीतभर जाडीचं दार

"अहो, दार जाड आहे म्हणून कुणी बँकेचे शेअर घेतं का?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी भिंतीला टेकवून ती उभी राहिली. वर अजून एक जिना होता आणि गुडघ्यांनी इथेच ठिय्या दिला होता.

"साधंसुधं दार नाही गं ते," नवरा म्हणाला. "तिजोरीच्या खोलीचं आहे. वीतभर पोलाद. बाकीच्या बँका बुडतायत, बुडू देत. सगळे घाबरून विकत सुटलेत, म्हणून तर स्वस्त मिळाले."

"कितीचे घेतले?"

तो भिंतीवरचा पोपडा नखाने खरवडू लागला.

"तळमजल्यासाठी ठेवलेले पैसे घातलेत?"

पोपडा पडला. तिला उत्तर मिळालं.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. त्यांच्या दारावरून जाताना ती रोज आत डोकावायची. आपली खाट कुठे, आपली फडताळं कुठे, असं मनात मांडत वर चढायची. मांडता मांडता जिना सरायचा. आता नुसताच जिना उरला.

नवरा बँकांच्या तिजोऱ्यांची दारं दुरुस्त करायचा. गल्ली त्याला बिजागरीकाका म्हणे. त्याचा हात फिरला की टनभर वजनाचं दार लेकराच्या पापणीसारखं मिटायचं. घरचं दार मात्र शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळायचं, आणि त्याला तेल घालायला काकांना सवड नसायची.

भाव पडतच गेला. रोज सकाळी पेपर उघडून तो भावाच्या रकान्यावर बोट फिरवत बसे.

"विकून टाका हो. येतील तेवढे तरी येतील."

"आत्ता विकलं तर तोटा होईल."

"आणि नाही विकलं तर?"

"तर तो नुसता पेपरात राहील."

"मग आपणही पेपरातच राहायला जाऊ! तळमजल्याचं पान बघा एखादं!"

तळमजल्यावर एक शिंपी राहायला आला. पाठोपाठ बँकेला टाळं लागलं. ताबा घ्यायला आलेल्या साहेबांना तिजोरीच्या खोलीचं ते दार काही केल्या उघडेना, तेव्हा बोलावणं बिजागरीकाकांनाच आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि संध्याकाळी चुरगळून परत आला.

"काय होतं आत?" तिने विचारलं.

दुरुस्ती करणाऱ्याने खोलीकडे पाठ करूनच काम करायचं, असा बँकेचा नियम. इतकी वर्षं त्याने बिजागरी पाहिली होती, आत कधी पाहिलं नव्हतं.

"खुर्च्या," तो म्हणाला.

"खुर्च्या?"

"मोडक्या. एकीवर एक रचलेल्या."

"आणि आपले शेअर?"

"साहेब म्हणाले, शून्य धरा."

ती उठून भांडी घासायला बसली. एकही भांडं आपटलं नाही. त्याला तेच सोसेना.

"अगं, बोल ना काहीतरी. शिव्या तरी घाल."

ती नळाच्या धारेशी बोलावं तशी वाकून राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही घरात बोलत होतं ते फक्त दार.

मग एकदा ती बाजारातून आली, शिंप्याच्या दारावरून खाली बघत गेली आणि धापा टाकत वळणावर पोचली. ती टेकायची त्या पोपड्याच्या भिंतीशी एक खुर्ची होती. पाठीवर बँकेचं नाव अर्धवट खरवडलेलं, एक पाय वेगळ्या रंगाच्या लाकडाचा. वरच्या पायरीवर तो पाना घेऊन बसला होता.

"साहेबांना विचारून आणली," तो म्हणाला. "भंगारात जाणार होत्या सगळ्या."

"बँकेनं एवढंच दिलं होय?"

"एवढंच."

खुर्चीला एक सणसणीत लाथ घालावी असं तिला फार वाटलं; पण त्यासाठी गुडघा उचलावा लागला असता. ती बसली. खुर्ची जराही कुरकुरली नाही.

तिच्या मांडीवरची पिशवी उचलून तो वर गेला. घरचं दार किंचाळलं.

"तेल घाला हो त्याला!" ती खालून ओरडली. "जगाची दारं करून झाली असतील तर!"

वर तेलाच्या डब्याचं झाकण वाजलं. दार पुन्हा एकदा किंचाळलं, मग नुसतं कण्हलं, मग ते उघडतंय की मिटतंय हे तिला खाली बसून कळेना.