नऊ नंबर की सतरा

कारखान्याच्या लांबलचक शेडमध्ये बावीस यंत्रं चालायची आणि त्यांचा आवाज पत्र्यावर आदळून दुप्पट होऊन खाली यायचा. त्या गदारोळात कुठल्या यंत्राचं बेअरिंग खडखडतंय, ते थोरला फिटर उभ्याउभ्या सांगायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत.

चार महिन्यांपूर्वी तापाने त्याचा उजवा कान गेला. डाव्याने ऐकू यायचं, पण आवाज कुठून येतो तेच कळेना. बायको गेल्यापासून घरी तो एकटाच. फोन वाजला की तिन्ही खोल्या धुंडाळायचा. हाती लागेपर्यंत तो वाजायचा थांबलेला असायचा. मग मुलीला सांगायचा, आंघोळीला गेलो होतो.

"बाबा, दिवसातून किती वेळा आंघोळ करता हो?" तिने एकदा विचारलं. दोघंही हसले.

कामावरही त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एका सकाळी शेडमध्ये कुठल्यातरी यंत्रातून ठोका ऐकू यायला लागला. सुपरवायझर बाईंनी त्याला बोलावलं. त्याने इकडेतिकडे मान वळवली आणि अंदाजाने नऊ नंबर दाखवला. दोघा फिटरांनी दुपारपर्यंत खपून तो खोलला. आत सगळं ठणठणीत, आणि ठोका चालूच. त्याला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तो बाईंकडे गेला. "बाई, माझा उजवा कान गेलाय."

"आधी का नाही बोललात?"

"मला दुसरं येतं काय?"

त्याने कोपऱ्यातली लाकडी दांडी उचलली. नवशिके करतात तसं तिचं एक टोक यंत्राला, दुसरं डाव्या कानाला लावत तो सगळ्यांदेखत एकेक यंत्र तपासत गेला. सतरा नंबरला ठोका थेट हाडात उतरला. खोलल्यावर बेअरिंगला चीर निघाली.

बाईंनी त्याचं काम काढून घेतलं नाही. दर सोमवारी दांडी घेऊन फिरा, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी त्याने आपणहून मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, इकडेच राहायला या. बघू, म्हणून त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात दार वाजलं. त्याने लगबगीने उघडलं. जिन्यात कुणीच नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला आत घेत होतं. तो जरा वेळ उंबऱ्यात उभा राहिला, मग त्याने कडी लावली.