सुलेखाच्या हळदीचं लाल पाणी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. गारखेड्यातली एक गल्ली. दारात मांडव. उद्या लग्न. हळद नुकतीच लागलेली, नवरी सुलेखा पिवळीधमक. चिडवाचिडवीत कुणीतरी तिच्या केसांतसुद्धा हळद चोळलेली. कंबरेखाली रुळणारी तिची वेणी उकलून बायका तिला न्हाऊ घालताहेत. डोक्यावर फेस होतो काय, आणि पाणी वाहतं ते लालभडक! तुम्ही काय केलं असतं? ओरडला असता ना? सगळ्यांनी तेच केलं.

"अगं माय, हे काय आक्रीत!" शेजारच्या सारजाबाई किंचाळल्या.

नवरीच्या आईच्या, सत्यभामाबाईंच्या हातातली वडी खाली पडली. शाम्पूची ती वडी त्यांनीच घरी केली होती. बचत गटात शिकून, खोबरेल आणि एरंडेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घोटून, वर रिठ्या-शिकेकाईची पूड घालून. "माझ्याच हातानं लेकीला काय झालं गं!" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

सारजाबाईंनी लगेच फोन लावला. चेल्याला घेऊन आले की केशवबाबा! केसांतला दोष ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळीकडे म्हणत. सगळीकडे म्हणजे, त्यांचे चेले जिथं जिथं जात तिथं.

गल्ली भरून गेली. बाबांना पाटावर बसवलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी त्यांच्या पायांना हळद लावली. सारजाबाईंनी टबात राखलेलं लाल पाणी पुढं केलं. बाबांनी डोळे मिटले.

"केसाच्या मुळाशी करणी, करणीच्या मुळाशी नजर, नजरेच्या मुळाशी..." इथं त्यांना पुढचं आठवेना, म्हणून त्यांनी मोठ्यानं "ओम" म्हटलं आणि टबात लिंबू पिळलं. लाल पाणी बघता बघता पिवळं झालं! माणसांनी हात जोडले.

"अर्धा दोष लिंबात उतरला," बाबा म्हणाले. "अर्धा वेणीत अडकलाय. अक्षता पडायच्या आत वेणी देवीला वाहा. नाहीतर नवरदेवाच्या जिवाची हमी आम्ही घेत नाही."

नवरीच्या कडूबा आजोबांचा चेहरा उतरला. "लग्न मोडण्यापरीस केस गेलेले बरे. आणा कात्री."

सुलेखानं ओले केस दोन्ही मुठींत घट्ट धरले. ती रडलीसुद्धा नाही. हे पाहिलं ते चौथीतल्या श्रेयानं, तिच्या धाकट्या बहिणीनं. पण तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता: हा लाल रंग आपण कुठं पाहिलाय?

आणि आठवलं. परवाच तिच्या शाळेच्या सदऱ्यावर आमटी सांडली होती. आईनं साबण चोळला तसा पिवळा डाग लाल झाला. तेव्हा तर कुणी बाबा बोलावला नव्हता!

तिनं पडलेली वडी उचलली आणि हळदीनं माखलेल्या स्वतःच्या तळहातावर घासली. हात लाल!

"आजोबा, माझ्यातबी दोष हाय!"

"बघा, धाकटीलाबी लागला!" सारजाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"हिचीही वेणी वाहावी लागेल," बाबा म्हणाले.

"पण बाबा, माझा तर बॉबकट हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"बाबा, तुमचे पाय धुऊ का?"

आता पाय धुऊ नको असं कोणता बाबा म्हणेल? बाबांनी ऐटीत पाय पुढं केले. श्रेयानं पाणी घातलं, वडी चोळली. हळदीनं रंगलेले पाय लालेलाल झाले.

"अरे देवा, बाबांच्या पायांतबी करणी!" श्रेया म्हणाली. "मग आता देवीला काय वाहायचं? पाय?"

मांडव हसून हसून हलला. बाबांनी पाय मागं ओढले, पण ओले पाय घेऊन ऐट कशी करणार?

"व्हय की गं!" सत्यभामाबाई ताडकन उठल्या. "आमटीचा डाग! रोज धुते अन् लेकीच्या डोक्यावर दिसला तर वळखू नाय आला."

तोवर सुलेखाची नजर चेल्याच्या पिशवीवर गेली होती. तिच्यातून काळ्याभोर वेण्यांची टोकं डोकावत होती. "या वेण्या देवीला कधी वाहणार, बाबा? का केसांचे टोप करणारा चांगला भाव देतो?"

बाबा ओल्या पायांनीच मांडवाबाहेर पळाले. चपला तेवढ्या राहिल्या. कडूबा आजोबांनी कात्री नेऊन खणात ठेवली आणि नातीच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला.

बाळांनो, हळदीला क्षार भेटला की ती लाल होते आणि आंबट भेटलं की पुन्हा पिवळी. साबणात क्षार असतो, लिंबात आम्ल. घरची वडी तर अजून कच्ची होती. महिनाभर सुकू दिली असती तर तिचा उग्रपणा पुष्कळ उतरला असता. पाणी खरंच लाल झालं होतं. खोटं होतं ते बाबांनी सांगितलेलं कारण. नवल वाटलं तर वाटू द्या, पण हात जोडण्याआधी तेच पुन्हा करून बघा.

हे गल्लीला एका दिवसात उमजलं असं मात्र समजू नका. गर्दी पांगली तरी सारजाबाई तिथंच होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि श्रेयाच्या पायांशी वाकल्या. "माय, तू तर साक्षात देवी! तुझ्या हातात लई मोठी शक्ती हाय."

श्रेयानं टुणकन मागं उडी मारली. मग सारजाबाईंचा हळद लावून लावून पिवळा झालेला हात तिनं धरला, त्यावर पाणी ओतलं आणि वडी त्यांच्याच मुठीत दिली.

"मावशी, आता तुम्ही घासा."