पान सदुसष्ट

वाल्मीकने कागद खिडकीच्या काचेवर दाबून धरला, तेव्हा मार्करच्या काळ्या पट्ट्याखालून आमदारांचं आडनाव पुन्हा वर आलं. दोनदा झाकून झालं होतं, तरी उजेड लागला की आडनाव आपलं जागच्या जागी.

"संध्याबाई, हे बघा. काही केल्या बुडत नाही."

पलीकडच्या टेबलावर टायपिंग करणाऱ्या संध्याबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"चार निवडणुकांत बुडाला नाही तो. तुमच्या मार्करनं काय बुडणार?"

"मग करू काय?"

"झेरॉक्स काढा. काळं केलेल्याची झेरॉक्स, त्यावर परत काळं, त्याची परत झेरॉक्स. दुसऱ्या झेरॉक्सला सगळे सारखेच दिसतात."

हा शोध लागल्यावर काम सुरळीत झालं.

फाईल तीनशे चार पानांची होती. नाशिकहून पेठच्या अंगाला, डोंगरात, करंजपाड्याला मुलींची आश्रमशाळा होती. शनिवारी संध्याकाळी तिच्या वसतिगृहाच्या आवारात कोणाकोणाच्या गाड्या उभ्या राहत आणि मुलींना कोणत्या खोलीत बोलावलं जाई, याची चौकशी करून एका समितीने १९९८ साली दिलेला हा अहवाल. अकरा मुलींचे जबाब त्यात होते. नंतरची आठ वर्षं अहवाल कपाटात होता. सत्तेवरचे म्हणत, तपास पूर्ण होऊ द्या. समोरचे म्हणत, फाईल खुली करा. मग निवडणूक झाली, बाकं बदलली, आणि बाकांबरोबर भाषणंही बदलली. काहींनी तर नवं भाषण लिहिण्याचे कष्टही घेतले नाहीत, समोरच्याचं जुनंच वापरलं.

या हिवाळी अधिवेशनात मात्र नवल घडलं. दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी फाईल मागितली. आत फक्त पलीकडच्यांची नावं आहेत अशी दोघांनाही पक्की खबर होती. मग दोघांनीही आपापली माणसं पाठवून फाईल गुपचूप पाहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात कमालीची शांतता पसरली. मंत्री उभे राहिले. म्हणाले, मुलींची ओळख जपून आम्ही संपूर्ण फाईल जनतेसमोर ठेवू. बाकं दोन्हीकडून वाजली.

ओळख जपायचं काम आलं आश्रमशाळांच्या नाशिक कार्यालयातले कारकून वाल्मीक गांगुर्डे यांच्याकडे. अक्षर चांगलं, रेघ सरळ, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत एक कागद हरवलेला नाही.

पहिल्या दिवशी त्याने मुलींची नावं झाकली. ते करताना त्याला बरं वाटलं, म्हणजे एखाद्या उघड्यावर झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. दुसऱ्या दिवशी फॅक्स आला, गावांची नावंही झाका, गावावरून मुलगी कळते. मग शाळेचं नाव. मग पाहुण्यांची नावं, कारण पाहुण्यावरून शाळा कळते आणि शाळेवरून मुलगी. मग पाहुण्यांचे हुद्दे. मग गाडीचा नंबर आणि शेवटी गाडीचा रंग, कारण त्या काळी त्या भागात पांढरी गाडी एकच होती. वाल्मीकने 'पांढऱ्या' हा शब्द काळा केला.

एकशे नव्वदाव्या पानावर आता एवढंच उरलं होतं, "तसेच चहा घेतला."

अधीक्षक यादव साहेबांनी त्या वाक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"चहावरून काही कळतं का रे?"

"नाही, साहेब. चहा सगळेच घेतात."

"राहू दे मग. अगदीच काही नाही असं नको. लोकांना वाटेल आपण लपवतोय."

सदुसष्टावं पान मागच्या पानाला चिकटून राहिलं होतं; ते गुरुवारी दुपारी, डबा खाल्ल्यावर निघालं.

तो एक साधा अर्ज होता. पोरीला शाळेत त्रास आहे, ती सुट्टीत घरी आली की बोलत नाही, रात्री भिंतीकडे तोंड करून बसते, साहेबांनी शाळेत येऊन बघावं. कोणाकडून तरी लिहून घेतलेला. खाली अंगठा होता, निळा, ठसठशीत, रेषा न् रेषा उमटलेला. अर्जदार मंगळू, राहणार अमुक पाडा. आणि अर्जाच्या कोपऱ्यात तिरका शेरा, "अंगठा साक्षांकित नाही. पूर्ततेसाठी परत." त्याखाली तारीख, ११ जुलै १९९४. त्याखाली सही.

अक्षर चांगलं होतं. रेघ सरळ होती.

वाल्मीकने आधी तारीख वाचली, मग शेरा, मग सही, आणि मग डब्याचं झाकण उगाचच लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

तेव्हा तो आवक-जावकला होता. अंगठ्याशेजारी कोणीतरी लिहिता-वाचता माणूस सही करतो, की हा अंगठा याचाच, माझ्यासमोर उठवला. नियमच आहे. ती सही कोणीही करू शकतो. बाहेरचा पानवाला करू शकतो. टेबलामागे बसलेला कारकूनही करू शकतो. पेन हातात असतोच.

त्याने तो माणूस आठवून पाहिला. आला नाही. डोंगरातून आलेली शेकडो माणसं त्या टेबलासमोर उभी राहिली होती, हातात टोपी धरून. त्या वर्षीचं एकच आठवलं. आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, एकही कागद प्रलंबित नसल्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. परत पाठवलेला कागद प्रलंबित धरत नाहीत. सविताने, त्याच्या बायकोने, ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं होतं.

शाळेवर पहिली धाड पडली फेब्रुवारी ९६ मध्ये. वाल्मीकने बोटांवर महिने मोजले. एकोणीस. मग त्याने करू नये ते केलं. जबाबांची पानं पुन्हा काढली आणि प्रत्येकीने सांगितलेली पहिली तारीख बघितली. अकरांपैकी आठ जणींची तारीख त्या शेऱ्यानंतरची होती.

तो पान घेऊन यादव साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, हे जरा…"

साहेबांनी वाचलं. वर बघितलं. परत वाचलं.

"हा तूच का?"

"हो, साहेब."

"झाक."

"पण यात मुलीची ओळख कुठे…"

"अरे, मुलीचीच ओळख जपायची असं कुठे आहे? तुला ओळख नाही का? लेकरंबाळं आहेत ना तुला?" साहेबांनी पान परत दिलं. "अंगठाही झाक. अंगठा म्हणजे तर पक्की ओळख."

वाल्मीक जागेवर आला. नवीन मार्कर फोडला. अर्जाच्या ओळी झाकल्या, शेरा झाकला, तारीख झाकली, सही झाकली. अंगठ्यावरही गोल काळं केलं. मग कागद काचेवर धरला. काहीही दिसत नव्हतं. सगळ्या फाईलमध्ये हे एकच पान असं होतं, जे पहिल्याच हाताला बुडालं.

फाईल खुली झाली त्या दिवशी शहरात दोन ठिकाणी पेढे वाटले. पारदर्शकतेचा विजय दोघांनाही हवा होता, तेव्हा दोघांनी तो अर्धा अर्धा घेतला. कार्यालयातही एक पुडा आला. शिपाई सहादूने वाल्मीकच्या टेबलावर दोन पेढे ठेवले. एक जास्तीचा, काम चांगलं झालं म्हणून. वाल्मीकने दोन्ही कागदात गुंडाळून खणात ठेवले आणि मग त्याला खण उघडवेना.

मंगळवारी दोघी आल्या. पुढे पंचविशीची एक बाई, साधी साडी, खांद्याला अंगणवाडीची कापडी पिशवी. मागे तिची आई, नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला.

"माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता," पुढची म्हणाली. "रोहिणी मंगळू. करंजपाड्याच्या फाईलची प्रत पाहिजे."

वाल्मीक खुर्चीतून अर्धा उठला. उठण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून त्याने पंख्याचं बटण दाबलं.

"सहादू, खुर्च्या आण दोन."

दोघी बसल्या. रोहिणीने प्रत मांडीवर घेतली आणि पानं उलटायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग भराभर. पन्नासेक पानं झाल्यावर ती थांबली.

"यात मी कुठे आहे?"

"ताई, कायद्यानं नाव झाकावं लागतं. तुमच्याच भल्यासाठी."

"माझं झाकलं ते समजलं. त्याचं का झाकलं?"

"त्याच्यावरून तुमची ओळख पटेल म्हणून."

रोहिणी त्याच्याकडे बघत राहिली. "त्याच्यावरून माझी ओळख," ती म्हणाली.

तिची आई, शकुबाई, वाकून पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण या पानाला वाचता येण्याची गरज नव्हती.

"तोंड काळं करायचं त्येंचं," ती म्हणाली, "नि तुमी कागदाचं करून बसले."

संध्याबाईंचं टायपिंग थांबलं.

"तुम्ही वाचलंय ना हे सगळं?" रोहिणीने विचारलं.

"झाकायचं म्हणजे वाचावंच लागतं."

"मग सांगा."

"ते आता… मूळ फाईल परत मुंबईला गेली."

"फाईल नको. तुम्ही सांगा."

यादव साहेब मीटिंगला गेले होते. वाल्मीकने केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं, प्रत आपल्याकडे ओढली आणि एका काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग तो वाचू लागला.

सगळं पाठ होतं. तीन तीन वेळा झाकलेलं माणूस विसरत नाही. त्याने आमदारांचं आडनाव घेतलं, संस्थेच्या चेअरमनचं घेतलं, पलीकडच्या पक्षातल्या त्यांच्या व्याह्याचं घेतलं. गाडीचा नंबर सांगितला. रंग सांगितला. पट्ट्यापट्ट्यावरून बोट सरकत होतं आणि आवाज हळूहळू मोठा होत होता. सहादू दाराशी येऊन उभा राहिला. संध्याबाई उठून टेबलाला टेकल्या. बावीस वर्षांत वाल्मीक गांगुर्डे बोलतोय आणि सगळे ऐकतायत असं कधी झालं नव्हतं. रोहिणी प्रत्येक नावाला मान हलवत होती. बरोबर, बरोबर, अशी. त्याला वाटलं, आपण हे करू शकतो. आपण पहिल्यापासूनच असे होतो.

"हं," तो म्हणाला, "पुढे विचारा."

शकुबाई खुर्चीच्या कडेवर सरकली.

"बाबू, आमच्या घरच्या मानसाचा कागद हाय का यात? त्यो आल्ता हितं. पोरीचं सांगाया. परत दिल्याला कागद मागनं चवकशीवाल्यांनी न्हेला."

वाल्मीकचं बोट जागेवरच राहिलं.

"आई, राहू दे ना," रोहिणी म्हणाली.

"का राहू दे? इचारू दे मला." तिने पदर सावरला. "तीन वर्सं झाली, गेला. मरंपतुर येकच म्हनायचा. हितल्या बाबूनं लय चांगलं केलं, आपुलकीनं बोलला, पर माझाच अंगठा चुकला. धा बोटं असून येक अंगठा धड उठवता आला नाय मला, म्हनायचा. लाजला तो. परत आलाच नाय. पुढं पोरीचं सगळं कळलं, तवापून त्यो हात धोतरात लपवून बसायचा. जेवायचा बी चोरून." तिने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, जणू तो त्याचाच होता. "येवढंच इचारायचं व्हतं. काय चुकलं व्हतं त्याच्या अंगठ्यात?"

पंखा चालू होता.

"काही चुकलं नव्हतं," वाल्मीक म्हणाला. "अंगठा चांगला उठला होता. रेषा न् रेषा दिसत होती."

"बग," शकुबाई लेकीला म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. "बग. नीट व्हता."

रोहिणीने मात्र प्रत स्वतःकडे ओढून घेतली होती. ती पानं मागे-पुढे करत होती.

"तुम्ही बघितलाय म्हणजे तो अर्ज आहे यात. कुठलं पान?"

"सदुसष्ट," वाल्मीकच्या तोंडून गेलं.

तिने पान काढलं. मधे अर्जाच्या काळ्या ओळी, खाली एक गोल काळा ठिपका आणि कोपऱ्यात, तिरका, तीन पट्ट्यांचा एक गठ्ठा. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा बाबांचा अंगठा."

"हो."

बोट वर कोपऱ्यात गेलं.

"आणि हे काय आहे?"

"तो शेरा. कार्यालयाचा."

"काय लिहिलंय?"

वाल्मीक पुढे वाकला. खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, घातला. पट्ट्याच्या इतक्या जवळ तोंड नेलं की शाईचा वास आला. संध्याबाई बघत होत्या. सहादू बघत होता. शकुबाई हसऱ्या तोंडाने वाट बघत होती.

"हे नीट दिसत नाही," तो म्हणाला.

रोहिणीने पान उलटलं नाही.