टाक्याला कुलूप

बेटाबेटांवरून जाणाऱ्या त्या सायकल शर्यतीत जिंकणाऱ्याला आयोजक एक टोपी देणार होते, आणि ती टोपी तर शेवटच्यालाही मिळणार होती. पण उबायचा हिशेब वेगळा होता. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने चारचौघांत शब्द दिला होता, की यंदा बेटांवरचाच कुणी पहिला आला तर सायकली भाड्याने द्यायची हॉटेलच्या फाटकाजवळची जागा त्याची. दुसऱ्यांच्या दुकानात पंक्चर काढता काढता उबायचे केस पिकायला लागले होते. त्याला एवढं आमिष पुरेसं होतं.

शर्यतीचा नियम साधा. आपलं ओझं आपणच वाहायचं. दुकानातून हवं ते घ्या, पण जे सगळ्यांना मिळत नाही ते एकट्याने घ्यायचं नाही. लपवाछपवीलाही जागा नव्हती, कारण प्रत्येकाच्या सायकलीचा ठिपका मोबाईलवर सरकताना अख्खी बेटं बघत बसायची. ठिपका थांबला की लोक समजायचे, गडी झोपला. झोपलेल्याला उठवणं हीसुद्धा मदतच, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे.

फ्वेर्तेव्हेंतुरा बेटावर पोचेपर्यंत पुढे दोघेच उरले होते, उबाय आणि हॉलंडची मारिके. आफ्रिकेकडून धुळीचा वारा सुटला होता. भरदुपारी सूर्य शिळ्या बलकासारखा दिसत होता, आणि डोंगर तर दिसतच नव्हते. बंदराआधीच्या शेवटच्या दुकानात उबायने एकच बाटली भरली.

“एवढीच?” मारिकेने विचारलं.

“मी इथला बोकड आहे, बाई. आम्ही दगड चाटून जगतो.”

“थट्टा पुरे. पुढे पाणी आहे ना?”

“आहे की.”

खोटं नव्हतं ते. वाटेवर त्याच्या मेंसिया मावशीचा शेळ्यांचा गोठा होता आणि गोठ्यापाशी पावसाच्या पाण्याचं टाकं. मारिकेने त्याच्या हलक्या सायकलीकडे पाहिलं, आपणही एकच बाटली ठेवून बाकीच्या दोन भरलेल्या तिथेच काढून ठेवल्या आणि मागोमाग निघाली. बेट ज्याचं त्याला कळणार, असं तिला वाटलं.

वाऱ्याने दोघांत अंतर पाडलं. उबाय गोठ्याशी पोचला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. टाक्याच्या झाकणावर नवंकोरं कुलूप. घर बंद. शेळ्यासुद्धा नाहीत. टेकाडावर चढून रेंज मिळताच त्याने फोन लावला.

“मावशी, टाक्याची किल्ली कुठंय?”

“माझ्या कमरेला! मी तुझ्या आईकडे आलेय. उद्या कुणी म्हणायला नको, मावशीने पाणी पाजलं म्हणून पोरगा जिंकला. बघ कशी अक्कल चालवली!”

“अगं, पण घसा...”

“बोलू नकोस माझ्याशी! तेही मदतीत धरतील मेले.” तिने फोन ठेवला.

कुलूप दगडाने फुटलं असतं. पण फोडलं की शर्यत संपली. खाली धुळीत मारिकेचा दिवा झोकांड्या खात टाक्याकडे येत होता. बाटलीत दोन घोट उरले होते, पुढच्या बेटाची बोट सुटायला आली होती, आणि इथून बंदरापर्यंत नुसता उतार होता. उबायने दोन्ही घोट घशाखाली घातले आणि सायकल उतारावर सोडली.

बोटीवर त्याने मोबाईल पाहिला. मारिकेचा ठिपका टाक्याशी थांबलेला. तेवढ्यात मावशीचाच फोन आला.

“ती गोरी आपल्या दारात झोपली की रे! जागा बरी शोधली.”

बोट चुकवून मारिके झोपणार नाही, हे उबायला पक्कं ठाऊक होतं. पण आयोजकांना कळवलं, तर ते पहिलं हेच विचारणार, की तू एका बाटलीवर कुणाच्या भरवशाने निघालास?

“दमली असेल, मावशी,” तो म्हणाला. “झोपू दे तिला.”

रात्रभर लोक मोबाईलवर कौतुक करत राहिले, काय गाढ झोपते ही!

मावशी सकाळी परतली. मारिके टाक्याच्या झाकणावर गाल टेकून पडली होती, आणि गाल थंड होता.

शेवटच्या बेटावर उबाय पहिला आला. हॉटेलवाला शब्दाला जागला. त्याची किंमत भरली ती दोघींनी. मारिकेने आपल्या जिवाने, आणि मावशीने उरलेल्या सगळ्या दिवसांनी, कारण त्या टाक्याचं पाणी काही केल्या तिच्या घशाखाली उतरत नाही. उबायकडे वसुलीला अजून कुणी आलेलं नाही.