लोळायचं पान

"प... ळू... न... का," रुखमाबाईनं अक्षरांखाली बोट सरकवत वाचलं. "ज... मि... नी... व... र... लो... ळा."

"आजी, हे पान तं कालच झालं!" नात कांता म्हणाली.

"मंग आज लोळून दाखव."

कांता आणि धाकटा डोमा खिदळत सारवलेल्या भुईवर लोळले. बाजेवरून नवरा नागोराव बोलला, "बुढे, पोट्ट्याईले शिकवून राह्यली, का गाढवं बनवून राह्यली?"

"तुमी नोका आयकू. कानात कापूस घाला. घरात लय पडला हाय."

कापूस खरंच होता. वेचणीचे दिवस, दाराशेजारी आढ्याला टेकलेली रास. गेल्या साली शेजारच्या घरात अशीच रास पेटली, तेव्हापासून रुखमाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीत मोठ्यांचा लिहा-वाचायचा वर्ग सुरू झाला. तिथलं आगीचं पातळ पुस्तक तिनं म्हणूनच घरी आणलं. पण पान एकच यायचं, अंगावरचे कपडे पेटले तर काय करायचं ते. पुढचं अवघड होतं.

एके संध्याकाळी वेचणीवरून यायला तिला उशीर झाला. कमरेची कापसाची ओटी न सोडता तशीच ती चुलीपुढं वाकली आणि फुंकर मारली. ठिणगी उडाली, ओटीनं भसकन पेट घेतला. वाचलेलं सगळं विसरून रुखमाबाई दाराकडे धावली. दाराशी रास!

"आजी, पळू नको! लोळ!" कांता ओरडली. डोमा तर घाबरून स्वतःच लोळायला लागला.

रुखमाबाई होती तिथंच आडवी झाली. एक कूस बदलली, तोच अंगावर जाड घोंगडी पडली. नागोराव ती दोन्ही हातांनी दाबत पुटपुटत होता, "घों... ग... डी... टा... का."

पदर गेला, पोटाला चटका बसला, एवढ्यावर भागलं. कमरेची सुटून पडलेली धुमसती ओटी कांतानं चिमट्यानं उचलून अंगणातल्या बादलीत बुडवली.

"तुमाले कसं आलं हे?" रुखमाबाईनं विचारलं.

"रोज तेच पान वाचतं. बहिरा हाव का मी?"

जेवणं झाल्यावर तोच म्हणाला, "आता दुसरं पान काढ."

"मले नाही येत ते."

"हळू वाच. आपल्याले कुठं जायचं हाय?"

त्यानं कंदील उचलला, राशीपासून लांब चुलीकडच्या भिंतीशी तिला बसवलं. ती पहिल्याच शब्दाशी झटत राहिली. नागोराव कंदील हातात धरून उभा होता. हात भरून आला, तरी त्यानं कंदील खाली ठेवला नाही.