दाढ आणि पान्हा

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की नवरे बायकोकडे पाठीला मलम चोळून मागतात, हरवलेला चष्मा मागतात, फार तर टीव्हीचा रिमोट मागतात. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी दूध मागितलं. चहापुरतं नव्हे, माझं.

मला इतकं हसू आलं की ठसकाच लागला. तो पाणी आणायला धावला आणि बिचाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न पेला शोधण्यात वाहून गेला. हा माणूस शहरबस चालवतो. आडव्या घुसणाऱ्या स्कूटरवाल्याला तो जे सुनावतो ते मी इथे लिहिणार नाही. पण त्या दिवशी त्याला एक धड वाक्य जुळवता येईना.

"काही जोडपी करतात म्हणे असं," तो म्हणाला. "म्हणजे मोठी माणसं. आपापसात. मी वाचलं."

"कुठे वाचलंस?"

"डेपोत."

डेपोत बसून लोक काय काय वाचतात ते कळलं. मला आजवर वाटायचं, पत्ते खेळतात.

मी हो का म्हटलं ते सरळच सांगते. मुलगी सासरी गेल्यापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे गॅस कधी संपेल आणि नळाला वॉशर कोण बसवणार. तो त्याच्या मोबाइलमध्ये, मी माझ्या. पहिल्यांदा मुद्दाम मोबाइल बंद करून, उशी मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा दूधबिध काही नव्हतंच. पण अर्धा तास त्याचं डोकं माझ्या हातावर होतं, कोणी बोलत नव्हतं, आणि मला कोणाला फटकावावंसं वाटत नव्हतं. मला ते आवडलं. खरं तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त आवडलं.

फक्त दूध असं मनात आणलं की येत नाही. त्यासाठी खपावं लागतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी नेमाने पाजायचं, मध्ये मध्ये दूध काढायचा पंप लावायचा, आणि खाडा केला की गाडी परत पहिल्या थांब्यावर. इंटरनेटवर सल्ले भरपूर. 'मन शांत ठेवा, मंद संगीत लावा, जोडीदाराशी संवाद साधा.' लिहिणाऱ्या बाईचं कपडे अल्टर करायचं दुकान नसावं. माझं आहे. मी पंप लावायची तो ट्रायल रूममध्ये, पडद्याआड, आणि बाहेर एखादी बाई पँटची उंची कमी झाली का म्हणून बोंब मारत असायची. मंद संगीत ते एवढंच.

पण एका हाताने टाळी वाजत नाही, आणि दुसरा हात हलत होता हे मला कबूल केलंच पाहिजे. दुपारी मोकळीक मिळावी म्हणून त्याने सलग ड्यूटी सोडून तुकड्यांची ड्यूटी मागून घेतली. ती कोणी मागत नाही, शिक्षा म्हणून देतात. डेपोतून भर उन्हात चालत यायचा, दोन जिने चढायचा, हात-तोंड धुऊन बसायचा. त्याची मान अवघडली. माझा खांदा धरला. प्रेमात मान मोडते हे गाण्यांतून कोणी सांगत नाही. रोज पंपाचे भाग उकळून, पुसून, फडक्यावर ओळीने मांडायचं काम त्याचं. लग्नात मिळालेली कपबशी त्याने कधी विसळली नव्हती, तो हे करत होता.

आणि मग एका दुपारी पान्हा फुटला. चारदोन थेंबच, पण फुटला. तो ओरडला, मी रडले. विहिरीला पाणी लागावं तसे आम्ही वागलो. शेजारच्यांनी दार ठोठावून विचारलं, लॉटरी लागली का? मी हो म्हटलं.

त्यानंतर जरा बरे दिवस आले म्हणेपर्यंत साहेबांनी अंग चोरायला सुरुवात केली.

आज दमलोय. आज रस्ते तुंबले होते, दुपारी जमलं नाही. बसला तरी दोन मिनिटांत तोंड फिरवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, काही नाही. 'काही नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याइतकं संशयास्पद जगात काही नसतं. माझं दूध कमी होऊ लागलं आणि डोकं तापू लागलं. मला वाटलं, हौस फिटली. ह्याला नवा खेळ हवा होता, खेळून झाला. मी मात्र ट्रायल रूममध्ये पडद्याआड बसून त्याच्या हौशीची हमाली करतेय. ह्यापेक्षा वाईट म्हणजे मला तो अर्धा तास हवा होता आणि त्याला नको होता. ह्या वयात हे असं लागेल असं मला वाटलं नव्हतं. फार लागलं.

शेवटी मी उशी त्याच्या अंगावर फेकली.

"कंटाळा आला असेल तर तोंडाने सांग! मी काय पाणपोई उघडून बसलेय का, आलास तर आलास, नाही तर नाही?"

"कंटाळा नाही आला," तो म्हणाला, पण अर्ध्याच तोंडाने. ओठ हलले, जबडा हलला नाही.

मी त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. उजवा गाल लिंबू दडवल्यासारखा टम्म. बोट लावलं तर हा बस चालवणारा बाप्या कळवळला.

"कधीपासून?"

"झाले दोन आठवडे."

"आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसलास? दवाखान्यात जायला काय झालं होतं?"

तेव्हा त्याने सांगितलं. डेपोतल्या एका कंडक्टरची अक्कलदाढ काढली होती. त्याला आठवडाभर स्ट्रॉने सरबत प्यायचीसुद्धा बंदी होती. चोखलं की जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. "म्हणजे माझी काढली तर आठवडाभर आपलं बंद. आठवड्यात तुझं दूध जाईल. एवढे महिने तू..." आणि त्याने गाल धरला. ठणक्यामुळे असेल किंवा दुसऱ्या कशामुळे.

म्हणजे ज्या दिवशी तो तोंड फिरवत होता त्या दिवशी दाढ असह्य होत होती, आणि इतर दिवशी ती ठणकत असतानाच तो बसत होता. माझ्यासाठी. मी त्याला माझ्या तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या आणि मग त्याच्या डाव्या गालावर गाल टेकून बसले. मला त्याचा राग आला, माझी लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता दातांचा डॉक्टर म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात ते आमच्याकडे शब्दशः आहे. दुसरीकडे गेलो असतो तर ताईंनी आम्हाला फाडून खाल्लं असतं. त्यांनी आधी गोळ्या देऊन सूज उतरवली, मग दाढ काढली, आणि बोळा चावायला देऊन पथ्य सांगितलं.

"जोरात चुळा नाही. स्ट्रॉ नाही. आठवडाभर तोंडाने काहीही चोखायचं नाही. गार दूध भरपूर पी, पण कपाने."

दूध म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं.

"अगदी हळू चोखलं तर?" बोळा सांभाळत त्याने विचारलं.

"नाही."

"तीन-चार दिवसांनी?"

ताईंनी हातमोजे काढले. "असं फक्त सिगारेट ओढणारेच विचारतात. तू सिगारेट प्यायला लागलायस."

ह्या माणसाने जन्मात सिगारेट हातात धरलेली नाही. कोणी बसमध्ये पेटवली तर तो बस थांबवून खाली उतरवतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "हो."

संध्याकाळपर्यंत सगळ्या खानदानाला कळलं. सासूबाई फोनवर रडल्या. मेहुण्यांनी काळ्या फुप्फुसांचे फोटो पाठवले. मुलीने बापाशी बोलणं टाकलं आणि मला म्हणाली, आई, तू एवढी घरात असून तुला वास कसा आला नाही? तो सगळं ऐकून घेत होता. मी म्हटलं, दुसरं काहीतरी सांगायचंस. तो म्हणाला, "दुसरं काय सांगणार? तुझं नाव निघायला नको."

तो आठवडा माझ्या लक्षात राहील. चोखायची बंदी होती, हातांना नव्हती. पंप आता तोच लावायचा. दुपारी घरी न येता थेट दुकानात यायचा, ट्रायल रूममध्ये स्टूल टाकून समोर बसायचा, गुडघ्याला गुडघा. हातपंपाचा दांडा दाबून त्याच्या मनगटाला कळ लागायची. मग हात बदलायचा. बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं की आतून तोच ओरडायचा, "माप चाललंय!" बाटलीच्या तळाशी कधी चमचाभर जमायचं, कधी नुसती ओल. जे जमेल ते तो चमच्याने डाव्या गालात घ्यायचा आणि चव घेतल्यासारखे डोळे मिटायचा. चमच्यात काही नसलं तरी मिटायचा.

"आटत चाललंय रे," मी एकदा म्हटलं.

"आटू दे. परत आणू," तो म्हणाला आणि दांडा दाबत राहिला.

आठवडा सरायला एक दिवस उरला असताना ताई न सांगता घरी आल्या. भावाने पथ्य पाळलं की नाही ते बघायला. दारातच त्यांनी त्याच्या शर्टाचा वास घेतला, मग पडद्यांचा घेतला, मग सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. गॅसवर पंप उकळत होता.

ताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "घरात कोणी बाळंतीण आहे का?"

"नाही," आमचे हे म्हणाले. "ते सिगारेट सोडवायचं यंत्र आहे."

मी खूप खोटं ऐकलंय. शिंप्याच्या धंद्यात 'उद्या नक्की' हे मीच रोज म्हणते. पण इतकं गचाळ खोटं कोणी माझ्यासाठी बोललं नव्हतं. बोलून तो मुलासारखा नाही, अगदी पंचावन्न वर्षांच्या फजीत पावलेल्या माणसासारखा उभा होता, आणि ताई आता पुन्हा त्याला झाडणार होत्या. मला ते बघवेना.

"ताई, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही," मी म्हटलं. "ह्यांनी कधी सिगारेट प्यायलेली नाही. हे माझं दूध पितात. आम्ही दोघांनी मिळून महिनोन्‌महिने खपून ते आणलंय. दाढ काढली तर ते जाईल म्हणून हे दोन आठवडे ठणका सोसत बसले, आणि माझं नाव निघू नये म्हणून तुमच्या शिव्या खाल्ल्या. मला लाज वाटत नाही. म्हणजे वाटतेय, पण त्याहून ह्यांची कीव जास्त येतेय."

पातेल्यात पंपाची झाकणं खडखडत होती. ताई स्टुलावर बसल्या. हात लांबवून त्यांनी गॅस बारीक केला.

"तुला हवंय हे?" त्यांनी मला विचारलं.

"हो. मलाच जास्त."

"आणि हा दोन आठवडे तशी दाढ घेऊन बसला? हा? लसीच्या सुईला घाबरून पलंगाखाली दडून बसणारा?"

"हो."

ताईंनी पदराने नाही, ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला. उठल्या, मोबाइलचा दिवा लावला आणि भावाला म्हणाल्या, "आ कर."

त्याने आ केला. त्यांनी वाकून, डोकं तिरपं करून, सगळ्या बाजूंनी पाहिलं. त्यांना एवढा वेळ का लागतोय ते मला कळेना. मग माझ्या लक्षात आलं की आम्हा दोघांच्या नजरेला नजर द्यायचं त्या टाळत होत्या.

"छान भरत आलीय," दिवा बंद करत त्या म्हणाल्या. "आजचा दिवस कळ काढा. उद्यापासून हरकत नाही. डाव्या बाजूने." पर्स काखेत मारून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आईला मी सांगते, सिगारेट सुटली म्हणून."

दार लागलं. तो गॅस बंद करून पातेल्यातले भाग एकेक काढून फडक्यावर मांडू लागला. मी म्हटलं, आता काही बोल तरी.

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"उद्या म्हणजे," त्याने विचारलं, "रात्री बारा वाजले की लगेच ना?"