उजवा कौल

केळव्याच्या दिनानाथ राऊताला कंपवात झाला, तो सुपारीच्या झाडावर असताना कळला. उजव्या हातातला कोयता आपोआप हलायला लागला. शहाणा माणूस, गुपचूप खाली उतरला आणि पुन्हा कधी चढला नाही. पालघरच्या डॉक्टरनं तपासून सरळ सांगितलं, "हा वाढत जाणार. औषधाचा फारसा उपयोग नाही. श्वासाचे व्यायाम करा, निदान अंग आखडायचं नाही."

ते व्यायाम माहीमच्या पंढरी मास्तरांनी शिकवले. पद्मासनाचं नावच नको, गुडघे वळतच नव्हते. साधी मांडी घालून बसायचं, श्वास आत घ्यायचा, कोंडायचा, सावकाश सोडायचा. दिनानाथाच्या एक ध्यानात आलं. श्वास कोंडून सगळं लक्ष तळव्यात ठेवलं, की हात थांबतो. आठ अंक, फार तर दहा. मग पुन्हा आपलं चालू. रोज पहाटे तो ओट्यावर बसे आणि एकुलती एक मुलगी, मंदा, शेजारी बसून अंक मोजे. दहाचे पंधरा व्हावेत, पंधराचे शंभर, एवढीच त्याची आशा होती.

एका पहाटे शेजारची रंभाबाई फुलं तोडायला आली. बघते तर दिनानाथ डोळे मिटून बसलेला, नाकातून फुसफुस श्वास चाललेला, आणि उजवा हात थरथरतोय. बाईनं तिथंच लोटांगण घातलं. दिनानाथाच्या अंगात गावच्या शितळादेवीचं वारं आलं म्हणाली. तिची गाय दोन दिवस हरवली होती, ती येईल का म्हणून विचारलं. हात हललाच. उजवा हलला म्हणजे उजवा कौल, म्हणजे होकार. देवळात देवीच्या उजवीकडचं फूल पडलं की होकार धरतात, तसाच. संध्याकाळी गाय घरी आली. गाय ती, भूक लागल्यावर जाणार कुठं? पण रंभाबाईचं तोंड कोण धरणार!

मग काय विचारता! मुरब्यापासून मासवणपर्यंतची माणसं नारळ घेऊन ओट्यावर. विचारणारीही बेरकी, आपल्याला हवं तेच विचारायची आणि होकार घेऊन जायची.

दिनानाथानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, की बायांनो, हा रोग आहे. नाही सांगितलं. वर्षभर लोक त्याला टाळत होते. लग्नाच्या पंगतीत भात सांडतो म्हणून त्याला कडेला बसवत होते. तीच माणसं आता वाकून पाया पडायला लागली आणि याला बरं वाटलं. त्या वेळी कुणीतरी त्याचा कान पिळायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

सहा महिने असे गेले. मग रखमाचा, म्हणजे दिनानाथाच्या बायकोचा भाऊ झुंबर, मंदासाठी स्थळ घेऊन आला. मुलगा कसला, चाळिशीचा प्रताप. तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम जोरात चाललेलं, तिथं खडी पुरवायचा, बोईसरला पक्कं घर. पहिल्या बायकोनं विहीर जवळ केली होती. का केली ते बोईसरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं.

"मला हे स्थळ नको," दिनानाथ म्हणाला. त्याचा आवाज हल्ली खोल गेला होता, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"तुमचं नको," रखमा म्हणाली. "देवीला विचारू. ती नाय म्हणाली तर मी त्याला दारात उभं करायची नाय." ती कपटी नव्हती हो. नवरा खचत चाललेला, घरात मुलगा नाही, वाडी कोण बघणार या घोरानं तिची झोप उडाली होती.

"रखमा, हा रोग हाय. डॉक्टर बोललाय."

"मग सहा महिने नारळ कशाला घेतले?"

झुंबर हसला. बाप आहे, मायेनं बोलतोय, म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ओटा भरला. प्रताप पांढरा शर्ट घालून समोर. मंदा दाराशी उभी. उजवा हात डाव्या हातानं दाबून धरावा असं दिनानाथानं ठरवलं होतं, पण झुंबरनं तो डावा हात हलकेच बाजूला केला. देवीला अडवू नये म्हणाला. आता एकच उरलं. दिनानाथानं श्वास आत ओढला आणि कोंडला.

"आई शितळे," रखमानं विचारलं, "मंदा प्रतापला द्यायची काय?"

हात थांबला. थांबला! ओट्यावर कुणी हललं नाही. दाराशी मंदाचे ओठ हलत होते, ती मोजत होती. दहा झाले, पंधरा झाले. झालं, आता रखमा उठेल, स्थळ परत जाईल, असं त्याच्या मनात आलं.

पण कौलाची रीत वेगळी असते. देवी गप्प बसली म्हणजे नकार नव्हे, ती विचार करते. सगळ्यांनी हात जोडले आणि शांत बसून राहिले. कुणालाच घाई नव्हती.

दिनानाथाची कानशिलं ठणकू लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मंदासाठी तो मरायलाही तयार होता, पण माणसाला स्वतःचा श्वास कोंडून मरता येत नाही. छाती फुटल्यासारखा श्वास बाहेर पडला आणि हात असा उसळला, की मांडीवर वाहिलेल्या अक्षता उधळल्या गेल्या.

"उजवा!" रंभाबाई ओरडली.

वैशाखात लग्न झालं. निघताना मंदा पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बाबा, यापुढं कुणाला कौल देऊ नका." त्यानं मान हलवून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रखमानं ओट्यावर सतरंजी घातली आणि त्याला धरून बसवलं. तो व्यायामाचा श्वास ओढत नव्हता की कोंडत नव्हता, नुसता बसला होता. उजाडायच्या आत मुरब्याची एक बाई नारळ घेऊन आली. सोबत तिची लेक होती, सोळा-सतराची. हिचं लग्न ठरवतोय, देऊ काय, बाईनं विचारलं.

"देऊ नको," दिनानाथ म्हणाला. "हा रोग हाय, बाई. घरी जा."

बाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती हाताकडे बघत होती.